‘साठी बुद्धी नाठी’ म्हणणाऱ्यांना

मराठी भाषेतील काही म्हणींना आता सक्तीची निवृत्ती द्यावयास हवी. ‘साठी बुद्धी नाठी’ ही त्यांतील पहिली. ऐकायला गमतीची, उच्चारायला सोपी आणि वरवर निरुपद्रवी अशी ही तीन शब्दांची म्हण मावळ-लोणावळ्याच्या परिसरात किती घरांतून दवाखान्याची वाट अडवून बसली आहे, हे ज्याने घरोघर फिरून पाहिले आहे त्याला तिचे हसू येणार नाही. आजोबा तळेगावच्या बाजारातून परत येताना स्वतःचीच आळी विसरले, ‘वय झाले’. आजीने गॅसचे बटण फिरविले आणि काडी ओढायची राहून गेली, ‘वय झाले’. चाळीस वर्षे रेल्वेत पैशांचा हिशेब चोख ठेवणाऱ्या माणसाला शंभराच्या नोटेचे सुटे मोजता येईनात. तरीही ‘वय झाले’. घरचे म्हणतात, शेजारी म्हणतात, आणि दुःखाची गोष्ट अशी की कित्येकदा तपासणीच्या चिठ्ठीवर ‘वयोमानाप्रमाणे’ असा शेरा मारून डॉक्टरही तेच म्हणतात. आम्हा धर्मगुरूंतही असे म्हणणारे कमी नाहीत.

ही म्हण दोन्ही टोकांनी खोटी आहे. १९०१ साली जर्मनीतील फ्रँकफर्टच्या मनोरुग्णालयात एक स्त्री दाखल झाली. तिला नवऱ्याचा विनाकारण संशय येई, वस्तू कोठे ठेवल्या ते आठवत नसे, स्वतःचे नाव लिहिता लिहिता ती मध्येच थांबे. तिचे वय होते अवघे ५१. डॉ. आलॉइस अल्झायमर यांनी तिची बारकाईने नोंद ठेवली. १९०६ साली ती मरण पावल्यावर तिचा मेंदू त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली तपासला. पेशींच्या अवतीभवती साचलेली पुटे आणि पेशींच्या आत पिळवटलेले तंतू त्यांना दिसले. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात ट्यूबिंगेनच्या वैद्यकीय सभेत त्यांनी ही हकिकत मांडली, आणि १९१० साली एमिल क्रेपेलिन यांनी आपल्या ग्रंथात या रोगाला अल्झायमरचे नाव दिले. ज्या रुग्णावरून हा रोग जगाला कळला तिने साठी पाहिलीच नव्हती.

आता दुसरे टोक. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या सहभागाने आपल्या देशात साठीपुढील चार हजारांहून अधिक स्त्री-पुरुषांची तपासणी झाली. त्या अभ्यासाचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. साठी ओलांडलेल्या दर शंभरांत ७.४ जणांना स्मृतिभ्रंश आहे, असे त्यात आढळले. म्हणजे शंभरांतील ब्याण्णव-त्र्याण्णव जणांची बुद्धी साठीनंतरही नाठी होत नाही. मग जी गोष्ट ब्याण्णवांना होत नाही ती ‘वयोमानाप्रमाणे’ कशी? शंभर मुलांतील सात मुलांना ताप आला तर त्याला आपण ‘बालपण’ म्हणतो काय?

स्मृतिभ्रंश, अर्थात डॉक्टर ज्याला डिमेन्शिया म्हणतात, तो एक रोग नसून लक्षणांचा समुच्चय आहे. त्यातील साठ ते सत्तर टक्के रुग्णांच्या मुळाशी अल्झायमरचा आजार असतो. दुसरा मोठा वाटा मेंदूतील रक्तवाहिन्यांच्या विकाराचा. म्हणजे पर्यायाने वर्षानुवर्षे न मोजलेल्या रक्तदाबाचा आणि न आवरलेल्या मधुमेहाचा. काही थोड्यांच्या बाबतीत विसराळूपणाचे कारण ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव, गलग्रंथीची मंदावलेली क्रिया किंवा खोल नैराश्य हे असते. रक्ताची साधी तपासणी करून औषध दिले तर असा माणूस पुष्कळ अंशी सावरू शकतो. ‘वय झाले’ या दोन शब्दांनी ज्यांची तपासणीच टळली, त्यांत असे सावरू शकणारे किती असतील? मूळ अल्झायमरच्या आजाराला मात्र आजही पूर्ण बरे करणारे औषध नाही. जी आहेत ती काही काळ लक्षणे सौम्य करतात किंवा रोगाची चाल थोडी मंदावतात. याबाबत कोणी चूर्णाची किंवा यंत्राची जाहिरात करीत दाराशी आला, तर त्याला पाणी देऊन वाटेला लावावे.

जगाचा हिशेब मोठा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ साली जगात ५ कोटी ७० लाख माणसे या व्याधीने ग्रस्त होती, आणि दरवर्षी त्यांत सुमारे एक कोटीची भर पडते. त्यांतील साठ टक्क्यांहून अधिक माणसे श्रीमंत देशांत नव्हे, तर मध्यम आणि अल्प उत्पन्नाच्या देशांत राहतात. २०२२ साली ‘लॅन्सेट’ समूहाच्या नियतकालिकात आलेल्या एका विस्तृत अभ्यासाने २०५० सालापर्यंत ही संख्या १५ कोटींवर जाईल असे वर्तविले आहे. भारतापुरते बोलायचे तर वर उल्लेखिलेल्या अभ्यासाने रुग्णांची संख्या ८८ लाख धरली आहे. लोणावळ्यापुरते? २०११ च्या जनगणनेत शहराची वस्ती सत्तावन्न हजारांच्या वर होती, आणि महाराष्ट्रात साठीपुढील माणसे त्या वेळी सुमारे एक दशांश होती. तोच वाटा धरून गुणाकार केला तरी या एका गिरिस्थानात चारशेच्या घरात रुग्ण निघतात. मावळची गावे अजून मोजलीच नाहीत. या चारशेपैकी आपल्याला किती जण ठाऊक आहेत? वाचकहो, चिक्कीची दुकाने आपण अधिक बिनचूक मोजून सांगू शकू.

येथे कोणी तरी हमखास म्हणेल, हा पाश्चात्त्यांचा रोग. आपल्याकडे एकत्र कुटुंब, हळदीचा आहार आणि वडीलधाऱ्यांचा मान असल्याने तो फारसा होत नाही. या समजाला एके काळी आकड्यांचा आधारही मिळाला होता, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. हरियाणातील बल्लभगडच्या ग्रामीण भागात झालेल्या भारत-अमेरिका संयुक्त अभ्यासात अल्झायमरचे प्रमाण पासष्टीपुढील लोकांत शेकडा एकच्या आसपास आढळले. डॉ. वास, डॉ. पिंटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत केलेल्या पाहणीत (ती २००१ साली प्रसिद्ध झाली) पासष्टीपुढील वयात स्मृतिभ्रंश २.४४ टक्के निघाला. त्या संशोधकांच्या कामात खोट काढण्याचा माझा हेतू नाही. त्यांनी ही वाट प्रथम तुडविली. परंतु या आकड्यांवरून आपण आपली पाठ थोपटून घेतली, ती मात्र फार लवकर.

१९९८ साली कोचीन येथे जमलेल्या संशोधकांनी एक गट स्थापन केला. त्याचे नाव ‘१०/६६’. नाव चमत्कारिक आहे, पण त्यात एक आरोप भरलेला आहे: स्मृतिभ्रंशाचे ६६ टक्के रुग्ण विकसनशील देशांत, आणि त्यांच्यावरील संशोधन मात्र एकूण संशोधनाच्या १० टक्केही नाही. या गटाने लॅटिन अमेरिका, चीन आणि भारत येथील पासष्टीपुढील माणसांची पाहणी करून २००८ साली ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष मांडले. रूढ अमेरिकी निकष लावले तेव्हा ग्रामीण भारतात रुग्ण निघाले शेकडा ०.३, क्युबात निघाले ६.३. शिक्षण आणि संस्कृती यांचा फरक लक्षात घेऊन बेतलेली पद्धत लावली तेव्हा मात्र सगळीकडचे आकडे जवळ आले. कमीत कमी ५.६ आणि जास्तीत जास्त ११.७. मग पहिल्या पद्धतीत आपले रुग्ण गेले कोठे? त्या निकषांत एक अट होती: रोगामुळे माणसाच्या रोजच्या व्यवहारात बिघाड झाल्याचे दिसले पाहिजे. आणि त्याविषयी विचारले असता आपल्या खेड्यातील घरचे लोक सांगत, तसे काही नाही.

ते खोटे बोलत नव्हते. ज्या म्हाताऱ्याकडून कोणी कसली अपेक्षाच ठेवलेली नाही, त्याच्या व्यवहारात बिघाड दिसणार कसा? त्याचे ताट कोणी तरी वाढते, धोतर कोणी तरी नेसवते, बँकेचे पुस्तक मुलगा सांभाळतो. तो ओटीवर बसलेला असतो. आपण ज्याला वडीलधाऱ्यांचा मान म्हणतो त्यात पुष्कळदा इतकेच असते. त्यांना कोपऱ्यात बसवून आपण त्यांच्याकडून काही मागत नाही, आणि ते काय गमावीत आहेत हेही आपल्याला कळत नाही.

आता आपल्या शेजारच्या गोव्याकडे वळू. तेथील वस्ती, चालीरीती आणि चर्चचे वातावरण लोणावळ्याच्या जुन्या रेल्वे वसाहतीतील कित्येक कुटुंबांना परके नाही. त्यांची मुळेच तेथली. डॉ. विक्रम पटेल आणि डॉ. मार्टिन प्रिन्स यांनी गोव्यात लोकांशी बोलून केलेला एक अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला. स्मृतिभ्रंशाची लक्षणे लोकांच्या चांगली परिचयाची होती. फक्त त्याला ते रोग मानीत नव्हते. काहींच्या मते ते म्हातारपण होते, आणि काहींच्या मते ते घरच्यांनी केलेल्या हेळसांडीचे फळ होते. मुलाबाळांनी प्रेम दिले नाही म्हणून म्हातारीचे डोके फिरले, असा तो निवाडा.

या निवाड्याने काय होते ते आपल्या धर्मग्रामातही पाहावयास मिळते. या व्याधीच्या माणसाला पन्नास वर्षांपूर्वीची लग्नाची वरात आठवते, पण अर्ध्या तासापूर्वी केलेले जेवण आठवत नाही. तो दाराशी येऊन जाणाऱ्या-येणाऱ्याला सांगतो, ‘सकाळपासून मला उपाशी ठेवले आहे.’ आजीला स्वतःच ट्रंकेत दडवून ठेवलेली सोन्याची माळ सापडत नाही. ती म्हणते, ‘सुनेने चोरली.’ ही रोगाची लक्षणे आहेत. खोकला हे जसे क्षयाचे लक्षण तशी. पण शेजारीण ती साक्ष म्हणून ऐकते. रविवारी मिस्सा सुटली की चर्चच्या पायऱ्यांवर ती साक्ष चार जणींपर्यंत जाते, आणि पुढच्या रविवारी नणंद मुंबईहून चौकशीला येते. जी स्त्री रात्री तीनदा उठून अंथरूण बदलते, जी कडीला कुलूप लावल्यावाचून अंघोळीला जाऊ शकत नाही, तिच्या कपाळी ‘सासूला छळणारी’ हा शिक्का बसतो. म्हण विनोदी होती ना? विनोदाची किंमत ही बाई चुकविते.

आणि तिला आपण काय सांगतो? आम्ही व्यासपीठावरून सांगतो की हा तुझा क्रूस आहे, तो आनंदाने वाहा. दुसऱ्याच्या खांद्यावरचा क्रूस किती शोभून दिसतो! प्रभूचा क्रूस वाहावयास सैनिकांनी वाटेत सिमोन कुरेनेकराला धरून लावले, ही गोष्ट आपण दर चालीसियात क्रूसाच्या वाटेच्या पाचव्या स्थानाशी गुडघे टेकून स्मरतो. पण या घरी जाऊन खांदा लावावयास कोणी सिमोन निघत नाही. पवित्र कुटुंबाच्या सणाला बेन सिराच्या ग्रंथाच्या तिसऱ्या अध्यायातील उतारा वाचला जातो. बापाची बुद्धी ढळली तरी त्याला सांभाळून घेण्याचा उपदेश त्यात आहे. हा उपदेश कोणाला उद्देशून आहे, याकडे कोणी लक्ष दिले आहे काय? तो मुलाला केला आहे. सुनेचा त्यात उल्लेख नाही. आपण मात्र तो वाचून घरी जातो आणि मुलगा दूरदर्शनसमोर बसतो.

जागतिक आरोग्य संघटनेने हाही हिशेब मांडला आहे. स्मृतिभ्रंशापायी २०१९ साली जगाला जो खर्च आला त्याचा सुमारे अर्धा भाग घरच्या माणसांच्या बिनपगारी कष्टांचा आहे. ही घरची माणसे सरासरीने दिवसाचे पाच तास रुग्णापाशी असतात, आणि या कष्टांच्या तासांपैकी ७० टक्के तास स्त्रियांचे असतात. आपल्याकडे ‘सेवा’ हा एक शब्द आहे. तो उच्चारला की मजुरीचा प्रश्न उरत नाही.

लोणावळ्यात या प्रश्नाला आणखी एक पदर आहे, आणि त्याविषयी फारसे कोणी बोलत नाही. २००२ साली द्रुतगती मार्ग पूर्ण झाल्यापासून येथे मुंबई-पुण्याच्या लोकांचे बंगले वाढत गेले. हवा चांगली, गडबड नाही, म्हणून पुष्कळ मुलांनी आपल्या वृद्ध आईवडिलांना येथे आणून ठेवले आहे. हेतू चांगला असेल. पण ज्याची स्मृती विझू लागली आहे त्याला नव्या जागी हलविणे म्हणजे त्याच्या हातची काठी काढून घेणे होय. ओळखीची गल्ली, ओळखीचा दूधवाला, कोपऱ्यावरचे दुकान, ठरावीक वेळेची चर्चची घंटा यांच्या आधारावर असा माणूस कसाबसा तोल सावरून असतो. त्याला आणून आपण फाटकाच्या आत, जून ते सप्टेंबर धुक्याने वेढलेल्या खोलीत बसवितो. फाटक उघडे राहिले तर एका अंगाला लोहमार्ग आणि दुसऱ्या अंगाला भरधाव महामार्ग. आणि मुलगा महिन्यातून एका शनिवारी येतो.

मग त्याच्यापाशी असते कोण? जवळच्या गावातून येणारी एक बाई. तिला या रोगाचे नाव कोणी सांगितलेले नसते. ‘साहेब जरा विसरतात’ एवढेच सांगितलेले असते. साहेबांनी हात उगारला तर काय करायचे, जेवण नाकारले तर काय करायचे, संध्याकाळ झाली की ते ‘घरी जायचे’ म्हणून दाराशी का उभे राहतात, यांतले काहीही तिला कोणी शिकविलेले नसते. ती स्वतःच्या अकलेने निभावते. आणि हीच बाई सकाळी निघताना स्वतःच्या घरात एक सासू मागे ठेवून आलेली असते, तीही विसरते. त्या सासूपाशी कोण बसते, असे अशा घरी विचारून पाहा. शाळेतून काढलेली नात बसते. मावळातील सगळ्याच घरांत असे घडते असा माझा दावा नाही. पण ज्या घरांत घडते तेथे मुलगा शाळेतच असतो, हे मात्र सांगून ठेवतो.

येथे संशोधनाचा एक धागा मला फार महत्त्वाचा वाटतो. भारतातील त्या पाहणीत स्मृतिभ्रंश पुरुषांपेक्षा स्त्रियांत, शहरापेक्षा खेड्यात आणि शिकलेल्यांपेक्षा न शिकलेल्यांत अधिक आढळला. ‘लॅन्सेट’च्या आयोगाने २०२४ साली असे मांडले की चौदा कारणांवर आयुष्यभरात ताबा मिळविता आला, तर जगातील सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळू शकेल किंवा लांबणीवर पडू शकेल. त्या चौदांत रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, अतिरिक्त मद्यपान, डोक्याला झालेली दुखापत, ऐकू न येणे, दृष्टी मंदावणे, एकाकीपण, प्रदूषित हवा ही आहेत. आणि आयुष्याच्या आरंभाचे कारण आहे अपुरे शिक्षण. बालपणी व तरुणपणी मेंदूला जे खाद्य मिळते त्याची पुंजी म्हातारपणी कामाला येते.

याचा एक दाखला धर्मभगिनींनीच दिला आहे. अमेरिकेतील डॉ. डेव्हिड स्नोडन यांनी ‘स्कूल सिस्टर्स ऑफ नोत्र दाम’ या संघातील पंचाहत्तरीपुढील ६७८ भगिनींचा दीर्घकाळ अभ्यास केला. या भगिनींनी दरवर्षी बुद्धीच्या चाचण्या दिल्या आणि मृत्यूनंतर आपले मेंदू अभ्यासासाठी दान केले. बाविशीच्या सुमारास, व्रते घेण्यापूर्वी त्यांनी लिहिलेली आत्मवृत्ते मठाच्या दप्तरात जपून ठेवलेली होती. ज्यांच्या त्या तरुणपणीच्या लेखनात विचारांची दाटी होती त्यांना साठ वर्षांनी अल्झायमरचा आजार कमी प्रमाणात झाल्याचे दिसले. त्यांतील एक सिस्टर १०१ वर्षांच्या होऊन वारल्या. शेवटपर्यंत त्यांची बुद्धी तल्लख होती, आणि मेंदू तपासला तर त्यात रोगाची पुटे नि गुंतलेले तंतू भरपूर निघाले. रोग होता, पण त्याला पुरून उरण्याइतकी पुंजीही होती.

आता पुन्हा त्या नातीकडे पाहा. आजी कधी शाळेत गेली नाही, म्हणून म्हातारपणी तिला या रोगाचा धोका अधिक. त्या आजीला राखण्यासाठी आपण नातीला शाळेतून काढतो, म्हणजे आणखी साठ वर्षांनी होणाऱ्या रोगाची पेरणी आज स्वतःच्या हाताने करतो.

या सगळ्यावर एक उत्तर तयार असते: मग वृद्धाश्रमात ठेवा. हे सुचविणाऱ्यांनी एकदा चौकशी करून पाहावी. स्वतःचे स्वतः करू शकणाऱ्या, चालत्या-फिरत्या वृद्धांनाच बहुतेक वृद्धाश्रम प्रवेश देतात. स्मृतिभ्रंश म्हटले की दार मिटते, आणि जेथे उघडते तेथील मासिक शुल्क शेतकऱ्याला अथवा कारखान्यातील कामगाराला झेपणारे नसते. दुसरे उत्तर कायद्याचे. आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा कायदा २००७ साली झाला, तो चांगलाच झाला. परंतु त्या कायद्याच्या डोळ्यांसमोर आहे तो नाकर्ता मुलगा. दमलेली सून त्याला दिसत नाही. पोटगीचा हुकूम झाला म्हणून रात्री झोप मिळत नाही.

इमारतीवाचून आणि कायद्यावाचून काय करता येते, ते गोव्याने करून दाखविले आहे. डॉ. अमित डायस आणि त्यांचे सहकारी यांनी तिसवाडी आणि बार्देश या दोन तालुक्यांतील ८१ कुटुंबांत एक प्रयोग केला; त्याचे निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाले. त्यांनी डॉक्टर नेमले नाहीत, परिचारिकाही नाहीत. बारावीपर्यंत शिकलेल्या, स्थानिक भाषा बोलणाऱ्या, दुसऱ्याचे ऐकून घेण्याची वृत्ती असलेल्या व्यक्ती निवडल्या आणि त्यांना आठवडाभराचे शिक्षण दिले. या गृहसेवा-सल्लागार सहा महिने, निदान पंधरवड्यातून एकदा, घरी जात. हा रोग आहे, कोणाचा दोष नाही, हे घरच्यांना समजावीत. रुग्ण चिडला, भटकला, झोपला नाही तर काय करावे ते दाखवीत. आणि सांभाळणाऱ्या माणसाचे म्हणणे ऐकून घेत. मागे एक मानसोपचारतज्ज्ञ अर्धवेळ मार्गदर्शनाला होता. रोग बरा झाला नाही. तो होणारच नव्हता. परंतु सांभाळणाऱ्यांच्या मनावरचा ताण स्पष्टपणे कमी झाला. एक आठवड्याचे शिक्षण आणि पंधरवड्याची एक भेट! मावळात हे अशक्य आहे, असे कोणी मला पटवून द्यावे.

सरकारकडे मागायचे ते मागूच. २००५ पासून गावोगाव आशा सेविका आहेत. गरोदर स्त्रिया आणि तान्ही मुले त्यांच्या वहीत आहेत, आता रक्तदाब आणि मधुमेह यांचीही विचारपूस होते. त्या वहीत ‘घरातील वृद्ध व्यक्ती वाट, माणसे किंवा व्यवहार विसरू लागली आहे काय?’ हा एक प्रश्न वाढवावा, आणि ‘होय’ म्हटल्यावर त्या माणसाला कोणापुढे पाठवायचे हेही ठरवून द्यावे. मात्र या कामाचे पैसे सेविकेला द्यावे. तिलाही ‘सेवा’ या शब्दावर बोळवू नये.

पण सरकारकडे बोट दाखविण्यापूर्वी आपल्या हाती काय आहे? संत व्हिन्सेंट डी पॉल संस्थेचे सभासद आहेत, लिजन ऑफ मेरी आहे, महिला मंडळ आहे, लघु समूह आहेत. हे सारे आजाऱ्यांना भेटी देतात. प्रार्थना म्हणतात, फळे ठेवतात, निघतात. मी म्हणतो, फळे ठेवू नका. दोन तास बसा. आठवड्यातून दोनदा, ठरल्या वेळी, दोन तास त्या आजोबांपाशी बसा आणि त्यांच्या सुनेला झोपू द्या, बाजारात जाऊ द्या, मिस्सेला येऊ द्या. कित्येक महिने तिला रविवार पाहता आलेला नसतो, आणि आपण मात्र तिची श्रद्धा मंदावली असे समजतो. बसणाऱ्याला काय बोलावे ते सुचत नसेल तर रोझरी म्हणावी. नातवाचे नाव विसरलेली माणसेही पुष्कळदा लहानपणी पाठ झालेली प्रार्थना मध्ये न अडखळता म्हणतात, आणि ती पहिल्या भाषेत म्हणतात. लोणावळ्यात जन्म घालविलेली गोव्याची म्हातारी शेवटी मराठी विसरून कोंकणीवर येते. तिची सून नगरकडची असली तर घरात दुभाषी लागतो. शेजारी कोंकणी बोलणारे कोणी असेल तर त्याने जाऊन बसावे.

‘फादर, त्यांना आता काही कळत नाही, कम्युनियन आणू नका,’ असे घरचे कधी कधी संकोचाने सांगतात. त्यांना एवढेच सांगणे की धर्मविधिसंहितेचे कलम १००६ रुग्णाभ्यंगाविषयी बोलताना, भान असताना ज्याने निदान मनोमन या संस्काराची इच्छा बाळगली होती त्याला तो द्यावा, असे सांगते. आयुष्यभर मिस्सा न चुकविलेल्या माणसाची इच्छा आता नव्याने विचारावयाची गरज नाही. कळते किती, हे आपण कोण ठरविणार?

पैशाचा प्रश्न निघेल. तो सणाच्या मंडपाच्या वेळी निघत नाही, बँडच्या वेळी निघत नाही. आजोबांच्या श्रवणयंत्राच्या वेळी नेमका निघतो. ऐकू न येणे हे त्या चौदा कारणांतले एक आहे हे वर आलेच आहे. बहिरा झालेला माणूस संभाषणातून उठतो, मग घरातून उठतो, मग स्वतःतून. आणि लग्नात वाजंत्र्यांवर जेवढे उधळले जाते त्यात एक साधे यंत्र येऊ शकते. मद्याविषयी लिहिले तर संपादकांकडे पत्रे येतील, तरी लिहितो. चौदा कारणांत तेही आहे, आणि आपल्या बारशांत, लग्नांत, अगदी मयताच्या घरीही ते असते.

पुढील महिन्यात आमच्या धर्मग्राम परिषदेची बैठक आहे. आठवडाभराच्या शिक्षणासाठी सहा नावे, एक मार्गदर्शक डॉक्टर आणि शाळेतून काढलेल्या मुलींची यादी हा विषय मी कार्यपत्रिकेवर पहिला ठेवला आहे. मंडपाचा विषय सातवा आहे. त्याला वेळ उरला तर तोही घेऊ.